बाटलीत साखर कोणती घालावी?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेतले काही जण हसले, ते आम्हाला इथून दिसलं. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने घरगुती बिअरच्या बाटलीत घालायच्या साखरेवर तासभर काय बोलायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण या चमचाभर साखरेचा इतिहास आम्ही जसजसा वाचत गेलो तसतसं लक्षात आलं की कार्यकारणभाव ओळखताना माणूस कुठे आणि कसा चुकतो, याचं इतकं चांगलं उदाहरण वर्गात आम्हाला कधी सापडलं नव्हतं. आणि ही चूक काही वेळा माणसांच्या जिवावर बेतलेली आहे.

सुरुवात एका फुटलेल्या बाटलीपासून करतो.

१९७८-७९ साली आम्ही दोघे मराठी विद्यार्थी यॉर्कशायरमधल्या एका घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. घरमालक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते घरी बिअर करायचे. त्या काळी इंग्लंडात माल्टच्या पाकाचे डबे सर्रास मिळत. पाक कोमट पाण्यात कालवायचा, यीस्ट टाकायचं, बादलीवर फडकं बांधून ठेवायचं आणि आठ-दहा दिवसांनी बाटल्या भरायच्या. भरताना प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर आणि वर पत्र्याचं बूच. जिन्याखालच्या कपाटात या बाटल्या ओळीने उभ्या असायच्या.

त्या वर्षीचा हिवाळा फार कडक होता. जानेवारीत त्यांनी एक घाणा भरला. नेहमीची पांढरी साखर संपली होती म्हणून तपकिरी साखर वापरली. मे महिन्यात एका रात्री जिन्याखाली बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. लगेच दुसरा, मग तिसरा. आम्ही धावत खाली आलो तेव्हा कपाटाच्या दारात काचेचा एक तुकडा रुतलेला होता. दार उघडायला म्हातारबाबा पुढे सरसावले, त्यांना कसंबसं थांबवलं. तरी सकाळी सफाई करताना उरलेल्यांपैकी एक बाटली हातात फुटलीच आणि तळव्याला टाके पडले. हाताला पट्टी बांधलेली असतानाच त्यांनी निकाल जाहीर केला: ‘ही तपकिरी साखरच वाईट. पांढरीने असं कधी झालं नव्हतं.’

आम्ही त्या वेळी मान डोलावली. त्यांचा तर्क आम्हाला बिनतोड वाटला होता. वीस वर्षं एक साखर, काही झालं नाही. एकदा दुसरी साखर, आणि स्फोट. साखर बदलली, परिणाम बदलला. आणखी काय पुरावा हवा?

आता बाटलीत होतं काय ते बघू. साखर खाऊन यीस्ट दोन गोष्टी बनवतं, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड. बादलीत आंबत असताना बहुतेक वायू उडून जातो, म्हणून तयार झालेली बिअर सपक लागते. आपल्याकडच्या गोटी सोड्यात वायू यंत्राने दाबून भरतात. ती गोटीची बाटली हायराम कॉड या इंग्रजाने १८७०च्या दशकात काढली. घरगुती बिअरमध्ये यंत्र नाही. तिथे बाटलीतच थोडं यीस्ट जिवंत असतं, त्याला थोडी साखर खायला घालायची आणि बूच लावायचं. वायूला बाहेर जायला वाट नाही, तो बिअरमध्येच विरघळतो. इंग्रजीत या प्रकाराला ‘प्रायमिंग’ म्हणतात. (हे ऐकून घरी कोणी प्रयोग करू नये. १९४९चा दारूबंदी कायदा आपल्याकडे लागू आहे आणि परवान्याशिवाय बिअर बनवणं हा इथे गुन्हा आहे.)

हिशेब अगदी सोपा आहे. २० अंश तापमानाला आंबलेल्या बिअरमध्ये लिटरमागे सुमारे पावणेदोन ग्रॅम वायू आधीच राहिलेला असतो. इंग्लिश पद्धतीच्या बाटलीबंद बिअरला जी फसफस हवी तिच्यासाठी आणखी साधारण ३ ग्रॅम वायू लागतो. तेवढ्यासाठी आपली रोजची साखर लिटरमागे ६ ग्रॅमच्या आसपास पुरते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीला ३ ग्रॅम. साखरेऐवजी औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोज पावडर घेतली तर तिच्यात पाण्याचा अंश असतो, म्हणून पावणेसात ग्रॅम लागेल. मधात पाणी आणखी जास्त, मध साडेसात-आठ ग्रॅम घ्यावा लागेल. माल्टच्या सुक्या अर्कातला बराच भाग यीस्टला पचत नाही, तो त्याहूनही जास्त लागेल. दुधातली साखर, लॅक्टोज, मात्र बिअरच्या यीस्टला अजिबात पचत नाही. ती घातली तर बिअर गोड होईल पण फसफसणार नाही.

म्हणजे वायूपुरतं बोलायचं तर साखर कोणती हा प्रश्न शेवटी किती या प्रश्नात विरघळून जातो. आणि चवीचं काय? चाळीस अंशांच्या, म्हणजे १.०४० विशिष्ट गुरुत्वाच्या माल्टच्या काढ्यात लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम विरघळलेला माल असतो. त्यापुढे ही ६ ग्रॅम साखर, आणि तीही यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं. काकवीसारखा गडद पदार्थ असेल तर वास किंचित मागे राहतो, बाकी शिल्लक काही नाही. साध्या साखरेने बिअरला सफरचंदाच्या दारूसारखी चव येते, असं गेली कित्येक वर्षं घरी बिअर करणारे एकमेकांना सांगत आले आहेत. माल्ट वाचवण्यासाठी निम्मी साखरच वापरली तर बिअर पातळ आणि बेचव होते, हे खरं. पण बाटलीतल्या अर्ध्या चमच्यावर तो आरोप टिकत नाही.

मग म्हातारबाबांच्या बाटल्या का फुटल्या? आम्हाला हे कळायला पुष्कळ वर्षं गेली. जानेवारीच्या थंडीत त्यांचं यीस्ट मध्येच गारठून झोपी गेलं होतं. बादलीवरचे बुडबुडे थांबले, त्यांनी समजलं काम झालं. समजा गुरुत्व १.०१४ वर अडकलं होतं आणि खरं तर ते १.०१० पर्यंत उतरायला हवं होतं. हा फरक डोळ्याला दिसत नाही, पण त्याचा अर्थ लिटरमागे सुमारे १० ग्रॅम आंबण्याजोगी साखर अजून आतच होती. वरून घातलेली ६ ग्रॅम वेगळी. मे महिन्यात घर उबदार झालं, यीस्ट जागं झालं आणि सगळी साखर बंद बाटलीत खाऊन बसलं. साध्या बिअरच्या बाटलीला तेवढा दाब पेलत नाही. तपकिरी साखरेच्या जागी पांढरी असती तरी हेच झालं असतं. गुन्हा हिवाळ्याचा, शिक्षा साखरेला.

बाटली फुटण्याची भीती ही या विद्येइतकीच जुनी आहे. गर्व्हेस मार्कम या लेखकाने १६१५ साली इंग्लिश गृहिणीसाठी जे पुस्तक लिहिलं त्यात एल बाटलीत भरण्याची रीत दिली आहे: बाटल्या अरुंद तोंडाच्या घ्या, बुचं मजबूत दोरीने बांधा, गार तळघरात वाळूत अर्ध्या पुरून ठेवा. वाळू कशासाठी, ते सांगायला नकोच. योगायोग असा की त्याच वर्षी राजा पहिला जेम्स याने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली. त्याला आरमाराच्या जहाजांसाठी लाकूड हवं होतं. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, आच वाढली आणि काच अधिक दणकट झाली. बाटली दाब सोसू लागली ती आरमाराच्या कृपेने.

१७ डिसेंबर १६६२ रोजी ख्रिस्तोफर मेरेट या वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीत एक निबंध वाचला. आपले वाइनवाले वाइनमध्ये साखर आणि मळी घालून ती फसफसती करतात, असं त्यात त्याने नोंदवलं आहे. शॅम्पेनच्या लोकांना हे ऐकायला आवडत नाही, पण नोंद आहे. बाटलीतल्या सफरचंदाच्या दारूतही तेव्हा साखर घालत. माप काय, तर ‘अक्रोडाएवढी’. आता अक्रोड केवढा असतो? आमच्या माहितीतले दोन अक्रोडसुद्धा सारखे नाहीत. बिअरच्या काढ्यात साखर किती हे मोजायचं उपकरण आलं १७८४च्या सुमारास, जॉन रिचर्डसनमुळे. वाइनच्या बाटलीत नेमकी किती साखर घालावी याचा हिशेब मांडला शॅम्पेन प्रांतातल्या फ्रांस्वा नावाच्या औषधविक्याने, तो १८३०च्या दशकात. तोवर तिथल्या तळघरांत माणसं तोंडावर तारेची जाळी बांधून काम करत आणि वाईट वर्षी बाटल्यांचा खच पडे. ‘किती’ हा प्रश्न नीट विचारायला पावणेदोनशे वर्षं लागली, आणि एवढ्या काळात ‘कोणती’ यावर मात्र लोकांनी बरंच डोकं चालवलं.

जर्मनीत तर ‘कोणतीही नाही’ असंच उत्तर होतं. बव्हेरियाच्या १५१६च्या फर्मानात बार्ली, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही चालत नाही. ते पाळणारे लोक बाटलीत घालायला आपल्याच न आंबलेल्या काढ्याचा थोडा भाग राखून ठेवतात आणि त्याला ‘श्पायझे’, म्हणजे अन्न, म्हणतात. त्या काढ्यातही साखरच असते, माल्टची. शेजारी बेल्जियममधले ख्रिस्ती साधू खुशाल साखर घालतात आणि त्यांची बिअर जगात वाखाणली जाते.

पण म्हणून ‘साखर कोणती’ हा प्रश्न नेहमीच फोल असतो, असं म्हणून आम्ही खाली बसलो तर ती आमची चूक होईल. कारण दोन वेळा तरी तो जीवन-मरणाचा प्रश्न ठरला, आणि दोन्ही वेळा यीस्टला त्याची गंधवार्ता नव्हती.

पहिली वेळ सांगतो. इंग्लंडात बिअर विकणाऱ्यांना साखर वापरायची बंदीच होती. सरकारचा कर माल्टवर होता, त्यामुळे साखर घालणं म्हणजे कर चुकवणं. १८१६च्या कायद्याने माल्ट आणि हॉप्सखेरीज सगळं बंद केलं. घरी स्वतःपुरती बिअर करणाऱ्याला कोण विचारतो, तो घालत असे. पण ती साखर यायची कुठून? वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या मळ्यांतून. १७९१ साली विल्यम फॉक्स याने एक पत्रक काढलं आणि इंग्लंडच्या लोकांना सांगितलं की ही साखर खाणं सोडा. थॉमस क्लार्कसनच्या अंदाजाप्रमाणे तीन लाखांच्या आसपास लोकांनी ती सोडली. पुढे १८२०च्या दशकात ‘ही ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली’ अशी अक्षरं लिहिलेली साखरेची भांडी घरोघर आली. ईस्ट इंडिया म्हणजे आपला देश. रेणूंच्या पातळीवर जमैकाची साखर आणि बंगालची साखर यांत काडीचाही फरक नाही. जिभेवर नाही, बाटलीत नाही, यीस्टला नाही. तरी त्या बायकांनी (या बहिष्कारात बायका पुढे होत्या, घरातली खरेदी त्यांच्या हातात होती) फरक केला, आणि तो फरक खरा होता.

पण तिथेही गोष्ट सरळ राहिली नाही. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवण्याचा कायदा १८३३ साली झाला. लगेच १८३४च्या नोव्हेंबरात कराराने बांधलेले पहिले हिंदी मजूर ‘अ‍ॅटलास’ जहाजातून मॉरिशसला उतरले, सरकारच्या त्या ‘प्रयोगा’खाली उसाच्या मळ्यांत राबायला. पुढच्या काळात मुंबई बंदरातूनही जहाजं गेली आणि त्यांत कोकणातली, रत्नागिरी-सावंतवाडीकडची आपली माणसं होती. त्यांचे वंशज आज तिथे मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. १८४६ साली ब्रिटनने साखरेच्या जकातीचे कायदे बदलले, वसाहतीतल्या मळेवाल्यांचं संरक्षण काढायला सुरुवात केली. मळेवाल्यांना गिऱ्हाईक हवं होतं आणि धान्याची टंचाईही होती. १८४७ साली बिअरवाल्यांना साखर वापरायची परवानगी मिळाली. १८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरचा करच उठवला आणि काढ्याच्या दाटपणावर कर बसवला. मग बार्लीतून साखर काढली काय किंवा उसातून आणली काय, सरकारला सारखंच. यीस्टच्या आणि खजिन्याच्या दृष्टीत फरक उरला नाही, असं म्हणा हवं तर.

या १८८०च्या कायद्यातूनच दुसरी गोष्ट निघते, आणि ती जास्त भयंकर आहे.

साखर मोकळी झाल्यावर बिअरवाल्यांसाठी खास साखरा बनवणारे कारखाने उभे राहिले. मका किंवा साबुदाण्यासारखा स्टार्च घ्यायचा, गंधकाम्लात उकळायचा, ग्लुकोज तयार. उसाची साखर आम्लात तापवली की ती फुटते आणि ‘इन्व्हर्ट’ साखर तयार होते. यीस्टला ही अधिक मानवते असं सांगून ती विकत. खरं तर यीस्टकडे उसाची साखर फोडण्याचं स्वतःचंच विकर असतं. बर्तलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते १८६० साली वेगळं केलं होतं. (याच विकरावर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ साली केलेला अभ्यास आज जीवरसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो.) म्हणजे जे काम यीस्ट फुकट करतं ते कारखाना पैसे घेऊन करत होता.

१९०० साली मँचेस्टर आणि सॅलफर्डच्या गरीब वस्त्यांत एक विचित्र दुखणं पसरलं. हातापायांना मुंग्या, आग, मग बधिरपणा. पायांत बळ नाही. काहींचा रंग काळवंडला. डॉक्टरांना हे चित्र ओळखीचं होतं. अट्टल दारुड्यांच्या मज्जातंतूंना असंच होतं. माणसं बिअर पिणारी होती, गरीब होती, निदान झालं: दारूचा परिणाम. शिवाय त्यात नीतीचा उपदेश आयता बसत होता. पितात, मग भोगतात.

मँचेस्टरच्या अनाथ-गरिबांच्या इस्पितळात अर्नेस्ट रेनल्ड्स नावाचे डॉक्टर होते. त्यांना एक गोष्ट खटकली. कडक दारू, व्हिस्की-जिन पिणारे लोकही त्यांच्या खाटांवर येत, पण त्यांच्यात हे दुखणं जवळपास नव्हतं. दोष मद्यार्काचा असेल तर ज्याच्या पोटात मद्यार्क जास्त त्याला आजार जास्त व्हायला हवा. इथे उलटं होतं. शिवाय अनेक रुग्णांना नागीण उठलेली. आणि नागीण उठते हे कुणात माहीत होतं? औषध म्हणून सोमल दिलेल्या रुग्णांत. रेनल्ड्स यांनी बिअर मागवली आणि तपासली. तीत सोमल सापडला.

मित्रहो, इथे आम्हाला आमच्या वर्गातला फळा आठवतो. न्यायशास्त्रात ‘उपाधी’ शिकवताना आम्ही दरवर्षी एकच उदाहरण देत होतो, कारण परंपरेने तेच दिलेलं आहे. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे खरं. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे मात्र खरं नाही. तापलेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघतो तो ओल्या सरपणामुळे. ओलं सरपण ही उपाधी. ती लपून राहिली की आपण धुराचं खापर अग्नीवर फोडतो. मुलं हे घोकून पेपरात लिहीत आणि आम्ही गुण देत असू. पण मँचेस्टरच्या डॉक्टरांनी नेमकं हेच केलं. ‘जिथे दारू तिथे मज्जातंतूंचा दाह.’ रेनल्ड्स यांनी तापलेलं लोखंड शोधलं, म्हणजे व्हिस्की पिणारा माणूस. अग्नी आहे, धूर नाही. मग सरपण कुठलं, हे विचारणं भाग होतं.

सरपण साखरेत होतं. माग काढत लोक लिव्हरपूलजवळच्या एका साखर कारखान्यापर्यंत पोचले. त्याला गंधकाम्ल पुरवत होती लीड्सची एक कंपनी. गंधकाम्ल बनवायला पायराइट हे खनिज लागतं आणि पायराइटमध्ये सोमल असतो. आधी ते आम्ल शुद्ध करून येई, मग कधीतरी तसं न करता येऊ लागलं. आम्लवाल्यांचं म्हणणं, आमचं आम्ल खाण्याच्या पदार्थाला लागतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. साखरवाल्यांनी आम्ल तपासलं नाही. बिअरवाल्यांनी साखर तपासली नाही. सहा हजारांहून अधिक लोकांना बाधा झाली, सुमारे सत्तर जण गेले. लॉर्ड केल्व्हिन यांच्या अध्यक्षतेखाली राजनियुक्त आयोग बसला आणि त्याने मर्यादा घालून दिली: पेय असेल तर गॅलनमागे एका ग्रेनचा शंभरावा भाग, त्याहून जास्त सोमल चालणार नाही. अन्नातल्या विषाला अंकांची मर्यादा घालण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत तो आकडा मोजला जातो.

लक्षात घ्या, ती बिअर उत्तम आंबली होती. रंग, फेस, चव यांत काही उणं नव्हतं. यीस्टने तक्रार केली नाही, पिणाऱ्याच्या जिभेनेही केली नाही. बिअरवाल्यांची साखर ‘चांगली’ होती, त्यांच्या दृष्टीने चांगलं म्हणजे जे काही होतं त्या सगळ्या अर्थांनी.

आता या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. म्हातारबाबांनी ‘कोणती साखर’ असं विचारलं, तेव्हा उत्तर साखरेत नव्हतंच, थर्मामीटरमध्ये होतं. १७९१च्या बायकांनी ‘कोणती साखर’ असं विचारलं, तेव्हा उत्तर साखरेत दिसत नव्हतं, ते समुद्रापलीकडे होतं. आणि १९०० साली हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, तेव्हा उत्तर थेट त्या साखरेतच होतं. आमच्या म्हातारबाबांना आम्ही हसत नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तपकिरी पुडीवरच बोट ठेवलं असतं. जे नवं आणि डोळ्यासमोर असतं त्यालाच आपण धरतो. चार महिन्यांपूर्वीची थंडी कोणाच्या लक्षात राहते?

इंग्लंडातल्या घरगुती बिअरबद्दल थोडं सांगायचं राहिलं. १८८०च्या त्याच कायद्याने घरी बिअर करायलाही परवाना लागू लागला आणि हळूहळू ती चाल मोडत गेली. त्यात दुसऱ्या महायुद्धाचं रेशन, साखर १९४० पासून तोलून मिळायची ती थेट १९५३ पर्यंत. ज्या देशात चहात घालायला साखर नाही तिथे बिअरच्या बाटलीत कोण घालणार? १९६३च्या अंदाजपत्रकात रेजिनल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्याने तो परवाना रद्द केला आणि बघता बघता घरोघर बादल्या आल्या. अमेरिकेत हीच मोकळीक मिळायला १९७८ साल उजाडलं, जिमी कार्टर यांची सही होऊन. नव्या लोकांजवळ आजीची रीत नव्हती. पुस्तकं होती, चमचा होता आणि ऐकीव गोष्टी होत्या. चमचा हे अक्रोडापेक्षा बरं माप, पण फार बरं नव्हे. सपाट चमचा आणि शीग लावलेला चमचा यांत दुपटीचा फरक पडतो आणि तपकिरी ओलसर साखर चमच्यात दाबून बसते ती वेगळीच. आज जाणकार लोक प्रत्येक बाटलीत साखर टाकत नाहीत. सगळ्या घाण्याची साखर एकदाच तोलून, पाण्यात उकळून, बिअरमध्ये हलकेच मिसळतात आणि मग बाटल्या भरतात. २० लिटरला साधारण १२० ग्रॅम. त्याआधी दोन-तीन दिवसांच्या अंतराने गुरुत्व मोजून ते खरोखर थांबलं आहे ना, हे बघतात. साखर कोणतीही असो, बहुतेक जण किराणा दुकानातलीच घेतात.

राहता राहिली ती पुडी. स्फोटानंतर घरमालकांनी ती तपकिरी साखर फेकायला काढली होती, आमच्या मित्राने मागून घेतली. आम्ही तिचा शिरा केला. पुडीवर बारीक अक्षरांत मॉरिशस लिहिलं होतं. १९७५च्या लोमे करारामुळे तिकडची साखर तेव्हा ब्रिटनमध्ये भरपूर यायची. आमचा मित्र रत्नागिरीकडचा. त्याच्या आजोबांचे एक चुलते ‘मिरचेला गेले’ असं त्याच्या घरात म्हणत. मिरच म्हणजे मॉरिशस, हे त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, त्या दिवशी पुडी वाचताना त्याचं त्यालाच लागलं. शिरा अर्धा खाऊन तो बराच वेळ पुडी हातात धरून बसला होता.

आमच्याकडे एक छोटा तराजू होता, घरी पाठवायच्या हवाई पत्रांचं वजन करायला घेतलेला. उन्हाळ्यात घरमालकांनी पुन्हा बादली लावली तेव्हा आम्ही तो त्यांना दिला आणि साखर यावर तोला म्हणालो. त्यांनी पांढरीच साखर आणली होती, तपकिरीचं नाव काढू देईनात. पण तोलली मात्र ग्रॅमवर. निघताना तो तराजू आम्ही तिथेच ठेवून आलो.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून काकवीबद्दल कुणीतरी मघाशी हात वर केला होता.